बर्फातही तापणारा प्रोसेसर

हसायचं नाही, एवढं कबूल असेल तरच सांगतो. कारण यातलं निम्मं आठवलं की मला अजूनही रागच येतो. चहा ओता आणि ऐका.

मी तेव्हा पार्सिपनीला आत्याकडे राहायचो. आत्याने आमच्या बाबांचे इमिग्रेशनचे कागद केले होते, त्यात मीही अमेरिकेत आलो. आईबाबांना थंडी मानवली नाही, ते परत गेले. मी राहिलो. शिक्षण अकरावीत सोडलेलं, इंग्रजी तोडकंमोडकं. त्यामुळे काम मिळालं ते एका देसी ग्रोसरीच्या फ्रीझरमध्ये. गोठलेले पराठे आणि भेंडीची पाकिटं रचायची. बाहेर बर्फ आणि आतही बर्फ.

कॉम्प्युटरचं मात्र मला वेड. सांगलीत एका मित्राच्या दुकानात बसून मी किती खोकी उघडली आणि बंद केली असतील, देव जाणे. आत्याला हे माहीत होतं. काकांचे, म्हणजे आत्याच्या यजमानांचे, एक मित्र होते साठे काका. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटंसं ऑफिस होतं. आत्याने त्यांच्याकडे माझा विषय काढला.

साठे काका म्हणाले, "सर्टिफिकेट नाही ना? नसू दे. एक मशीन स्वतः जोडून दाखव म्हणावं. रविवारी मी जेवायला येतोच आहे. नीट चाललं तर सोमवारपासून ये."

म्हणजे बघा, इकडे फ्रीझर, तिकडे साठे काकांचं ऑफिस, आणि मध्ये एक कॉम्प्युटर. मी साठवलेल्या पगारातून एकेक भाग मागवला.

आता आत्याचं घर कसं होतं, ते सांगायला हवं. आत्याकडे वस्तू उघडी ठेवायची पद्धतच नाही. टीव्हीला जुन्या साडीचं कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनला झालरीचं कव्हर. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर बँड. सोफ्यावर प्लॅस्टिक. उन्हाळ्यात पाहुणा उठायला लागला की आधी आवाज यायचा आणि मग पाहुणा उठायचा. आमच्या सांगलीच्या घरीही थोड्याफार फरकाने हेच, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी डायनिंग टेबलवर चादर अंथरली आणि जोडायला बसलो. फार जपून हो. प्रोसेसर बसवला. तो तापतो, म्हणून त्याच्यावर पंखा लावलेला तांब्याचा एक जाड ठोकळा बसवतात. मध्ये पांढरी पेस्ट लावायची, म्हणजे उष्णता ठोकळ्यात चढते आणि पंखा ती उडवून लावतो. ठोकळ्याचा तळ इतका चकचकीत होता की त्यात माझा चेहरा दिसला. त्याला मी बोटसुद्धा लागू दिलं नाही.

बटण दाबलं. सुरू झालं. आत्याने लगेच हळदकुंकू वाहिलं, समोर साखर ठेवली. मी मान ताठ करून उभा. आणि तेवढ्यात पडदा काळा. मशीन बंद.

पुन्हा लावलं. पुन्हा बंद. सुरू करून लगेच त्याच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिलं तर प्रोसेसरचं तापमान असं चढत होतं, जणू त्याला कुणी चुलीवर ठेवलंय.

काका सोफ्यावरून म्हणाले, "ताप आलाय रे त्याला. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेव."

आता मला सांगा, माणूस टेन्शनमध्ये असताना हे असं बोलतात का?

मी मागे वळून पाहिलं, तर आत्याने मोजून मापून कव्हर आणलेलं. जांभळ्या साडीचं. मशीनच्या पाठीमागून ते अर्धं घातलेलंही होतं.

"आत्या! हवा कुठून जाणार?"

"अरे, धूळ बसेल म्हणून घातलं. नवीन वस्तू आहे."

"नवीन वस्तूला असं गुदमरवतात का? कॉम्प्युटर म्हणजे काय मिक्सर आहे?"

खरं सांगतो, आत्याशी मी तेवढ्या आवाजात कधीच बोललो नव्हतो. ती कव्हर घेऊन आत गेली. मला वाटलं, सापडला चोर. बटण दाबलं. थोड्या वेळाने पडदा काळा.

मग माझं लक्ष टेबलाखालच्या हीटरच्या जाळीकडे गेलं. हीटर बंद केला. उपयोग नाही. खिडकी उघडली. नाही. मशीनचे बाजूचे पत्रे काढले, टेबलफॅन लावला. नाहीच. काका स्वेटरवर कोट आणि कोटावर माकडटोपी घालून बातम्या बघत होते.

"नित्या, मी ऑफिसला जाताना एवढे कपडे घालत नाही," ते म्हणाले.

शेवटी ज्या दुकानातून तो ठोकळा मागवला होता, तिथे फोन लावला. काय बोलायचं ते मी आधी मनात घोकून ठेवलं होतं. पलीकडचा माणूस ऐकून घेऊन शांतपणे विचारायला लागला.

"पंखा फिरतोय?"

"फिरतोय."

"पेस्ट लावली?"

"लावली."

"सगळं पॅकिंग काढलं होतं ना?"

इथे माझं डोकं फिरलं. सगळं पॅकिंग काढलं का? मी काय खोक्यासकट बसवला? इंग्रजी कच्चं ऐकलं की माणूस अक्कलशून्यच, असं यांना वाटतं. खराब माल पाठवायचा आणि वर अपमान करायचा. हे सगळं मला इंग्रजीत म्हणायचं होतं. प्रत्यक्षात मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला.

रविवारी साठे काका आले तेव्हा आमच्या घराचं दृश्य असं होतं. मॉनिटर आत, मशीन घरामागच्या लाकडी डेकवर बर्फात, वायरी सरकत्या दाराच्या फटीतून आलेल्या, आणि त्याच फटीतून वारा. आत्या शाल गुंडाळून पुऱ्या तळत होती. शेगडीजवळची जागा सोडायला ती तयारच नव्हती.

साठे काकांनी काढलेला कोट परत चढवला. "हीटर बिघडलाय का?"

"हीटर ठणठणीत आहे," काका म्हणाले. "याचा प्रोसेसर आजारी आहे."

मी सगळी कहाणी सांगितली. माल खराब, दुकानदार उद्धट, घरात कव्हरांचा सुळसुळाट. साठे काकांनी मशीन आत आणायला लावलं, सुरू केलं आणि तांब्याच्या ठोकळ्याला हात लावला.

"प्रोसेसर उकळतोय म्हणतोस, मग हा ठोकळा गार कसा?"

"बर्फात होता ना काका."

"तापलेल्या तव्यावरचं पातेलं बर्फात ठेवलं तरी गरम राहतं रे. इथे उष्णता वर येतच नाहीये."

त्यांनी मशीन बंद केलं, ठोकळा सोडवला, उलटा केला. पेस्ट पुसली. मग तळाच्या कोपऱ्यात नख घातलं आणि ओढलं.

चर्रर्र.

तसाच आवाज. आत्याच्या सोफ्यावरून पाहुणा उठतो तसा. साठे काकांच्या हातात एक पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक लोंबत होतं. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, बसवण्यापूर्वी हे काढा.

"हे वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं."

"मग?"

"नवीन होतं, काका. चरे पडले असते."

"चरे कुणाला दिसणार होते? प्रोसेसरला?"

काकांनी माकडटोपी काढून डोळे पुसले. आत्या झारा घेऊन दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी निदान बाहेरून तरी झाकत होते."

नवी पेस्ट लावली, मशीन सुरू केलं. आमचं जेवण झालं, बडीशेप खाऊन झाली, तरी ते गारच. इतकं गार की मला त्याचा राग आला.

निघताना साठे काका म्हणाले, "उद्या ये. जोडणी तुझी स्वच्छ आहे. एकही वायर लोंबकळत नाही. पण जोडणीला नंतर बसवीन. आधी तुला योग्य काम देतो."

योग्य काम म्हणजे काय, माहितेय? ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या मालाची खोकी फोडायची आणि प्लॅस्टिक काढायचं. मॉनिटरचं, कीबोर्डचं, जिथे असेल तिथलं. पहिला पूर्ण हिवाळा मी फक्त प्लॅस्टिक सोलत होतो. ऑफिसातले लोक जाता येता विचारायचे, "सगळं काढलं ना?" आणि मी निमूटपणे "यस" म्हणायचो. एवढ्याशा चुकीला इतकी शिक्षा? तुम्हीच सांगा.

आता हे बघा माझं त्या ऑफिसचं ओळखपत्र. फोटो बरा आलाय ना? अहो, नखाने काय खरवडताय? राहू द्या ते वरचं प्लॅस्टिक. चरे पडतील.