लामत्याच्या गुरुजींचं एकच भाषण

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा आमच्या लामत्याच्या गुरुजींनी जितका मनस्ताप करून घेतला, तितका खुद्द अमेरिकेतही कुणी करून घेतला नसेल. गुरुजी म्हणजे बाबांच्या शाळेतले सोबती मास्तर, राहायला लामता गावी. तिकडच्या कुण्या पुढाऱ्याचं, गुलामीपायी दुभंगलेल्या देशाबद्दलचं एक गाजलेलं भाषण त्यांना सबंध पाठ होतं, आणि ते ऐकवायला त्यांना निमित्त लागत नसे. बसमध्ये ड्रायव्हर-कंडक्टरची जुंपली की गुरुजी दांडा धरून उभे राहत. "अर्धं घर गुलाम अन् अर्धं मोकळं, असं घर टिकते काय?" माझ्या लग्नात आशीर्वादासाठी माईक दिला, तर त्यांनी दुभंगलेल्या घरापासूनच सुरुवात केली. किरनापूरच्या माझ्या सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. आम्ही हसून लोटपोट.

हसण्याच्या भरात एक गोष्ट मात्र आम्हाला दिसली नाही. छे, खोटं कशाला बोलू, रोज दिसत होती. गुरुजी बौद्ध. त्यांचं भाषण व्हायचं आमच्या ओसरीवर, आणि चहा मिळायचा त्यांच्या वेगळ्या, कानतुटक्या कपात. तो खिडकीत पालथा असायचा. चहा झाला की गुरुजी स्वतःच तो विसळत, आणि विसळता विसळता भाषणाचा शेवट करत. अशी तीस वर्षं गेली.

बाबा गेल्यावर मला सुधारणेची हुक्की आली. बाजारातून सोनेरी काठाचा झकास कप आणला आणि म्हटलं, "गुरुजी, हा खास तुमच्यासाठी."

त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. "मस्त आहे. म्हणजे हा बी माह्या एकट्याचाच?"

"हौ!" मी खुशीत म्हणालो.

त्यांनी चहा घेतला, कप विसळला, खिडकीत पालथा घातला. त्या दिवशी भाषण झालं नाही. ते फाटकाबाहेर गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि अशी शरम वाटली की तो कप मी स्वतःच्या हाताने फोडला. गुरुजी पुन्हा आले नाहीत.

दोन महिने धीर झाला नाही. गेल्या रविवारी लामत्याला गेलो, त्यांच्या घरी आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी आत, स्वतःच्या खाटेवर बसवलं. चहा आला, सगळ्यांना सारख्याच कपांत. माफीसाठी जीभ उचलेना, म्हणून म्हटलं, "गुरुजी, ते भाषण होऊ द्या ना."

"चहा थंडा होऊन राह्यला. पी आधी."

प्यालो, आणि कप घेऊन मोरीकडे निघालो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ठेव खाली, बेटा. आमच्या घरी पाहुण्याले कप धुवाले नाही लावत."

इतक्या मायेनं म्हणाले, की त्यापेक्षा त्यांनी सबंध भाषण ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.