भर पंगतीत घेतलेलं इंजेक्शन

लोणंदच्या राजनंदिनीला नवव्या वर्षी मधुमेह झाला. तेव्हापासून पाहुणे आले की आई तिला इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायला न्हाणीघरात पिटाळायची. "पोरीचं लगीन व्हायचंय," एवढंच कारण. सात वर्षं ती आतल्या आत धुमसत राहिली. वाईला मामेबहिणीच्या साखरपुड्यात जेवायला बसताना आईनं पुन्हा खुणावलं, तेव्हा तिचं डोकं फिरलं. तिनं सगळ्यांसमोर बाही वर सारली आणि दंडात सुई टोचली.

"आगं, हे काय?" मामी दचकली.

"मला शुगर हाय. चोरी केली न्हाई मी!" ती कडाडली.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "लोकांचं लय भ्या वाटायचं गं."

"आन मला काय वाटायचं, ते कवा इचारलंस?"

राजनंदिनीचा राग अजून उतरला नव्हता.