धड कापडाला ठिगळ

देसाई सरांनी टेबलावर गोधडी पसरली, दोनदा उलटसुलट केली आणि तिच्यावरून बोटं फिरवत विचारलं, "मास्तर, रफू कुठं गेले?"

"काढून टाकले," मी ऐटीत सांगितलं. "एक रफू दिसला तर नाव बदलीन."

सर स्टुलावर बसले.

ही ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. हुबळीत कमरीपेठेत माझं टेलरिंगचं दुकान होतं. देसाई सर धारवाडच्या एका शाळेत ड्रिल आणि व्हॉलीबॉल शिकवून रिटायर झालेले. आता मुलाकडे बेंगळूरला कायमचे निघाले होते. "तिथं जागा लहान. बारा टी-शर्ट नेता येत नाहीत, एक गोधडी नेता येईल," असं म्हणून त्यांनी गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला होता.

टी-शर्टचं कापड म्हणजे होजिअरी. ते ताणतं. पहिले दोन तुकडे मशीनवर जोडले, तर शिवण भाजलेल्या पापडासारखी वरखाली झाली. उसवली. मग प्रत्येक तुकड्याला मागून मांजरपाटाचं अस्तर कच्च्या टाक्यांनी लावलं आणि नंतर जोडलं. सपाट बसलं. आल्यागेल्याला दाखवावं असं काम झालं. कापताना अर्थातच शिंप्याच्या सवयीने धड भाग तेवढा घेतला. विरलेलं, रफू केलेलं सगळं कातरणाच्या पोत्यात.

"ते रफू आमच्या मंडळींचे," सर शेवटी म्हणाले. "सुईत असेल तो दोरा. निळ्या टी-शर्टला तांबडा. मुलं हसतात म्हणून मी ओरडायचो. जाऊन दोन वर्षं झाली तिला. तुम्हाला सांगायचं राहिलं. वाटलं, गोधडीत जुनंच तर घालतात."

मला लाज वाटली. वाईट कामाची पूर्वी वाटली होती, चांगल्या कामाची पहिल्यांदाच.

"गाडी कधीची?"

"उद्या सकाळची."

कातरणाचं पोतं दर सोमवारी यल्लव्वा घेऊन जाई. दुर्गदबैलाच्या बाजारामागच्या बोळात राहून ती कौद्या शिवायची. कौदी म्हणजे आमच्याकडची हातशिवणीची गोधडी, आत चिंध्यांचे थर. सोमवार कालच होऊन गेला होता. सरांना दुकानात बसवून मी सायकल काढली.

यल्लव्वा दारात कौदी पसरून बसली होती. निम्मे टाके घालून झाले होते. तुकडे आत शिवले गेले असतील, म्हणून मी सायकल टेकवायच्या आधीच विचारलं.

"अक्का, कालच्या पोत्यातले टी-शर्टचे तुकडे कुठं आहेत?"

"ते कौदीत कोण घालतंय अण्णा?" तिचा हात चालूच होता. "ताणतंय की ते. टाका राहत नाही त्याला. चुलीजवळ टाकलंय बघा, भांडी पुसायला."

होजिअरी ताणते, हे तिला माझ्याआधीच ठाऊक होतं. त्यानेच मी वाचलो. बाराही टी-शर्टचे तुकडे मिळाले. एकाला तव्याची काजळी लागली होती.

"हा धुऊन लावू?" परत येऊन मी सरांना विचारलं.

"नको. वाळायला वेळ कुठाय?"

मी सुई घेतली. कुठला रफू कुठल्या टी-शर्टचा, हे सर नुसत्या बोटांनी ओळखून सांगत होते. जन्मभर मी भोकावर ठिगळं लावली. त्या दिवशी धड कापडावर बारा ठिगळं लावली. इतकं ओबडधोबड काम माझ्या दुकानातून दुसरं गेलेलं नाही.

सरांनी गोधडीची घडी घातली. आवडली नसावी, कारण त्यांनी ती मोडून पुन्हा घातली. या वेळी निळ्यावरचा तांबडा रफू वर आला.

तेव्हापासून कोणी जुना कपडा आणला, की मी आधी विचारतो, यातलं खराब काय? कात्री नंतर.