काकूंचे हिरवे हात

"हात लावू काय?"

दुकानात कुणीही मनगट पुढे केलं की काकू आधी हे विचारायच्या. आता तुम्हीच सांगा, हाताला हात न लावता बांगड्या भरणार कशा? नव्या बायकांना हसू यायचं. काकू मात्र होकार येईपर्यंत आपले हात मांडीवर ठेवून बसायच्या.

ही सवय त्यांना आमच्या पूर्वामुळे लागली. पूर्वा माझी धाकटी लेक. तिला ऑटिझम आहे. न सांगता कुणी हात लावला, एकदम गलका झाला, की तिला सहन होत नाही. मोठीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली, ताईसारख्या हिरव्या बांगड्या. नातेवाईक म्हणाले, तिला कशाला बाजारात नेता? मीही हट्टाची. घेऊन गेले.

काकूंनी जन्मभर केलं तेच केलं. मनगट धरलं आणि बोटं दाबून हात मऊ करायला लागल्या. पूर्वा किंचाळली, तिनं हात हिसडला आणि मांडलेल्या बांगड्या खळकन खाली. "पागल आहे काय पोरगी?" मागून कुणीतरी बोललं. मला तिथं उभं राहवेना.

काकू काचा गोळा करत म्हणाल्या, "चूक माही आहे. कोणाचा हात असा धरते काय? उद्या दुपारी आन तिले. दुपारी बाजार झोपते."

दुसऱ्या दिवशी गेलो तर शटर अर्धं खाली, टीव्ही बंद. काकूंनी पूर्वाचा हात मागितलाच नाही. स्वतःचा पुढे केला. "पहिले तू मले भर."

काकू विधवा होत्या. नवरा गेल्यापासून साऱ्या बालाघाटच्या बायकांचे हात भरले, स्वतःचं मनगट मोकळं ठेवलं. मी हळूच म्हटलं, "काकू, लोक काय म्हणतील?"

"लोकाइले बांगड्या पाहिजे असन तं त्याइनं रांगेत यावं."

पूर्वानं त्यांच्याकडे न बघता विचारलं, "हात लावू का?"

"हौ, लाव."

कितीतरी वेळ लागला. काकूंची बोटं दुखत असणार, पण त्यांनी हात मागे घेतला नाही. दोन हिरव्या बांगड्या चढल्या. मग काकूंनी तिचाच प्रश्न तिला विचारला. पूर्वानं बराच वेळ विचार केला आणि हात दिला. दुकानात मी रडले, लाज न बाळगता.

त्या दोन बांगड्या काकूंनी उतरवल्या नाहीत. गल्लीत कुजबुज झाली. "पोरीनं भरल्या, मी कायले काढू?" एवढंच त्यांचं उत्तर. दुपारचं अर्धं शटरही तसंच राहिलं. परसवाड्याहून एक आई आपल्या पूर्वासारख्याच लेकीला घेऊन यायची, तीही त्याच वेळेला.

या उन्हाळ्यात काकू गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात रडारड चालली होती. पूर्वा कानांवर हात ठेवून दाराशी उभी राहिली. आंघोळ घालायच्या आधी एक म्हातारी काकूंच्या हातातल्या बांगड्या काढायला पुढे झाली. विधवेच्या हातात कशा राहू द्यायच्या?

"काकूंना विचारलं काय?" पूर्वा म्हणाली.

म्हातारीनं काकूंच्या सुनेकडे पाहिलं. सुनेनं नाही म्हणून मान हलवली आणि सासूचा हात चादरीवर नीट ठेवला.

वैनगंगेवर काकूंना नेलं, तेव्हा दोन्ही बांगड्या हातात होत्या.