बाजीपुढे मी रोज हरायचो

आमचा कुत्रा संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधात होता, आणि त्याला तसा मीच घडवला.

नाव त्याचं बाजी. (नाव मी ठेवलं, त्याचा त्यात दोष नाही.) गिरगावातल्या आमच्या चाळीत पितळेची भांडी चोरीला जाऊ लागली, म्हणून आईनं राखणीला हे पिल्लू आणलं. ते अंगानं वाघासारखं वाढलं आणि उलथनं पडलं तरी खाटेखाली जाऊन बसू लागलं. एका दुपारी चोरानं आमच्या दारातला बंब उचलला, तेव्हा बाजी त्याला शेपटी हलवत जिन्यापर्यंत पोचवून आला.

संध्याकाळी चाळीचे मालक अण्णासाहेब दारात उभे. "वहिनी, येत्या रविवारपर्यंत हा राखणीला लागला तर ठीक. नाहीतर सोमवारी म्युनिसिपालिटीची गाडी."

त्या गाडीतून गेलेला कुत्रा परत येत नसे. आई जेवली नाही.

मी लालबागहून सावंतकाकांना आणलं. काका गिरणीच्या गेटावर पहारेकरी, त्याआधी लष्करात कुत्री सांभाळलेले. बाजी त्यांना पाहून माझ्यामागे लपला.

"कुत्रो वायट नाय," काका म्हणाले. "तेका अजून कोणी जिंकाक दिल्यान नाय. चोर रोज येवक होयो, आणि ह्यो भुकलो की चोर पळाक होयो. चोर एकदा जरी उभो रवलो, तर ह्यो जन्मात भुकाचो नाय."

"पण काका, रोज चोर आणायचा कुठून?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मग आईही बघू लागली.

आता, त्या दिवसांत मी चळवळीची पत्रकं लिहीत होतो आणि माघार हा शब्द शाईतसुद्धा येऊ देत नव्हतो. पहिल्या सकाळी हाताला गोणपाट गुंडाळून मी बाजीसमोर गेलो. त्यानं "भूं" केलं. (तो भूं होता की ढेकर, सांगता येत नाही.) मी तत्त्वाला धरून उभा राहिलो. बाजी खाटेखाली.

"अरे, पळ मा रे!"

"काका, एवढ्याशा भुंकण्याला भ्यायचं म्हणजे..."

"तुका कुत्रो होयो की तत्त्व?"

"कुत्रा," आतून आई म्हणाली.

मग मी पळालो. रोज पळालो. नळावरच्या बायका बादल्या भरायच्या थांबवून बघत. चौथ्या दिवशी बाजी मान ताठ करून गॅलरीतून फिरू लागला आणि मला तत्त्वाचा थोडा विसर पडू लागला.

"आता नुसतो येव नको," काका म्हणाले. "हात उगारून आरड."

मला चोरासारखं ओरडता येईना. घशाला सवय एकाच वाक्याची. मूठ वर गेली आणि तोंडातून निघालं, "झालाच पाहिजे!" बाजी उसळला, मी पळालो, काका खूश. "ह्यांच आरड!" तीन दिवस मी झालाच पाहिजे म्हणत होतो आणि पळत होतो. शब्दांवर जगणारा माणूस मी, पण यातला धोका काही माझ्या लक्षात आला नाही.

रविवारी सकाळी आमची प्रभातफेरी निघाली. शंभरेक माणसं आणि सर्वांत पुढे मी. (फेरी आमच्या चाळीच्या चौकात न्यायची होती आणि वाट मला ठाऊक होती, एवढंच.) वर गॅलरीत आई आणि अण्णासाहेब. मी मूठ उगारली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" शंभर मुठी वर गेल्या.

जिन्यावरून बाजी सुटला. चौकात आला आणि शंभर चोर बघून थबकला. कान पडले. शेपटी हळूहळू खाली जाऊ लागली. वर आईनं कठडा घट्ट धरला. मी उभा राहिलो, तर हा जन्मात भुंकणार नव्हता, आणि उद्या सोमवार होता. बाजीनं माझ्याकडे बघून एक बारीक भूं काढला.

मी वळलो आणि पळालो.

मागच्यांना कुत्रा दिसत नव्हता, दिसत होतो मी. "लाठीमार!" कोणीतरी म्हणालं. आख्खी फेरी माझ्याबरोबर फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून थेट पलीकडच्या दूधवाल्याच्या दुकानापर्यंत. चौकात उरल्या फक्त चपला, आणि त्यांच्यावर उभा राहून गळा फाडून भुंकणारा बाजी.

"शंभर माणसं परतवली यानं," अण्णासाहेब आईला म्हणाले. "राहू दे, वहिनी." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाजीला वाटीभर दूध दिलं.

इकडे चळवळीतले आमचे जुने कार्यकर्ते गोगटे मास्तर धापा टाकत मला विचारत होते, "किती पोलीस होते रे?"

"पोलीस नव्हते, मास्तर. आमचा कुत्रा होता."

"मग पळालास कशाला?"

"त्याचा आत्मविश्वास वाढवत होतो."

मास्तरांनी अनवाणी पायांकडे बघितलं. "आणि आमचा?"

पुढे काकांनी बेकरीतले बटर चारून चारून बाजीला त्या घोषणेची गोडी लावली, आणि चाळीतून मग चमचाही गेला नाही. काकांचे उपकार आहेतच, पण बाजीचे जास्त. शंभर माणसं एकदिलानं माझ्या मार्गानं आली, असं आजवर एकदाच घडलंय, आणि ते त्याच्यामुळे. दिशा तेवढी उलटी होती.