खटक्याशिवाय दिवा

साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्यात आम्ही मायलेकी एका नव्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्यांच्या त्या जागेला सगळे ‘ब्लॉक’ म्हणत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई मुलींच्या शाळेत शिकवायची आणि मला अमरावतीला तंत्रशिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. मुलीनं हातात पेचकस धरला की नातेवाइकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, म्हणून मला निघायची जास्तच घाई. एका जागी बसवतच नसे. ट्रंक भरायची, उपसायची, पुन्हा भरायची.

त्यात एक दिवस आई सहज बोलून गेली, “तू गेल्यावर तिन्हीसांजेचा दिवा कोण लावेल गं?”

झालं! तो किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. दिवा लावायचं काम लहानपणापासून माझं. मी भिंतीवरचा खटका खाली ओढायची, खट्ट आवाज व्हायचा आणि खुर्चीत बसलेली आई त्या विजेच्या दिव्याला हात जोडायची, देवापुढच्या समईला जोडावेत तसे. पण एका खटक्यासाठी मी जन्मभर अकोल्यात बसू की काय? मला भयंकर राग आला. दिवा आपोआप लागायला हवा, असं मी ठरवूनच टाकलं.

घरात गजराचं घड्याळ होतं. गजर झाला की त्याची मागची चावी उलटी फिरते, हे मी हेरून ठेवलेलं. त्या चावीला दोरा बांधला. दोऱ्याचं दुसरं टोक खेळायच्या पत्त्याच्या तुकड्याला. तो तुकडा कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याच्या तोंडात, आणि चिमट्याच्या दोन्ही ओठांना दिव्याच्या तारा. चावी फिरली, दोरा ओढला, तुकडा निसटला, तारा भिडल्या. दिवा लागला! आईनं गजर ऐकून हात जोडले आणि हसत म्हणाली, “काय काय करून राहिली गं तू!” मी ट्रंकेला कुलूपच लावलं.

पण खालच्या मजल्यावरच्या काकूंना ते सोसवेना. जिन्यातूनच ओरडल्या, “काहून वं पोरी, तिन्हीसांजेले घंटा बडवून राहिली? मले वाटलं शाळाच भरली!”

मलाही तो आवाज खुपतच होता. काम कसं चोख हवं. मी घड्याळाची घंटा काढून टाकली.

त्या संध्याकाळी बाहेर अजून थोडा उजेड होता. आई नेहमीच्या खुर्चीत, दिवा तिच्या डाव्या हाताच्या भिंतीवर. चावी गुपचूप फिरली, तुकडा गळून पडला, दिवा लागला. मी आईकडे बघत उभी राहिले, शाबासकीची वाट बघत. आई तशीच बसलेली, हात मांडीवर.

थोड्या वेळानं म्हणाली, “आज दिवा नाही लावत का गं?”

मी तिच्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवला. तिनं पापणीही हलवली नाही. इतकी वर्षं ती दिव्याला नाही, खटक्याच्या आवाजाला हात जोडत होती की काय?

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डावा डोळा गेलाच आहे, उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसत असेल, तेही किती दिवस सांगता येत नाही. घरी येताना रिक्षात मी रडत होते, चिडतही होते. “सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू गेली असती का?” आई म्हणाली. “आणि पोरींना पाढे काय डोळ्यांनी शिकवते मी?”

मी जाणार नाही म्हटलं. त्यावरून आमचा असा खटका उडाला की खालच्या काकू वर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि मलाच दटावलं, “घड्याळाची घंटा लाव परत. वाजली का मी येतो वर. तू जाय.”

मी घंटा बसवली आणि गेले. पण अमरावतीला वसतिगृहात दिवेलागण झाली की जीव थाऱ्यावर नसे. पुस्तक मिटायची, व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची. आता वाजली असेल, आता काकू जिना चढत असतील.

दिवाळीला घरी आले. संध्याकाळी वीज गेलेली होती आणि दिवा लागायच्या आधीच खोलीत गडद अंधार दाटला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात घड्याळाची घंटा वाजली. आईनं पदर सारखा केला आणि भिंतीकडे वळून हात जोडले.

“लागला ना गं?”

काकूंनी माझा दंड घट्ट धरला.

“लागला,” मी म्हटलं, आणि मीही हात जोडले.