खालच्या खोलीतली क्लॅरोनेट

"तुमच्या बँडमुळे माझ्या पोराचा कान बिघडतोय," असं मी एका बँडमास्तरांना त्यांच्याच दारात उभी राहून सुनावलं होतं. पोरगा तेव्हा नुकताच पालथा पडायला लागला होता. कान बिघडायला आधी तो घडायला तरी हवा, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

मास्तर क्लॅरोनेटची पत्ती ओठांत धरून ओली करत होते. ती काढून म्हणाले, "हुकूम, वहिनी."

कुणी काहीही सांगो, त्यांचं उत्तर हेच. नवरदेवाचा मामा "जोरात वाजवा" म्हणाला, तरी हुकूम. नवरीचा काका "आता पुरे" म्हणाला, तरी हुकूम. दोघं एकदम बोलले तर मास्तर डोळे मिटून घ्यायचे आणि मनाला येईल ते वाजवायचे.

आम्ही तेव्हा नगरला राहायचो. खालच्या खोलीत त्यांचा बँड, वर फळ्यांच्या जमिनीवर आमचं बिऱ्हाड.

मी मूळची खर्ड्याची. माझ्या वडिलांना बँडचं वेड. गावात वरात निघाली की मला खांद्यावर घेऊन ते थेट क्लॅरोनेटवाल्याच्या शेजारी. लग्न कुणाचं, हे पुष्कळदा आम्हाला ठाऊकही नसायचं. पण नगरला आल्यावर हे सगळं मी दाबून टाकलं. शेजारीण गाणं शिकलेली, मग मीही रेडिओवर शास्त्रीय गाणं लावून बसायचे. तिची मान हलली की पाठोपाठ माझी हलायची. आपला पोरगा मोठा गवई होणार, हे तर मी ठरवूनच टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बँड गावाबाहेरच्या एका शेडमध्ये सरावाला जाऊ लागला. घर शांत झालं. मी पाळण्याशेजारी रेडिओ लावला. आलाप सुरू झाला तसा पोरानं वरचा सूर लावला. बुवा थांबले, पोरगा काही थांबेना. गाणं शिकलेली शेजारीणसुद्धा म्हणाली, "दृष्ट काढा हो त्याची." मिरच्या जळल्या, ठसका आम्हाला लागला, पोरगा रडतच राहिला. आणि माझ्या भाकऱ्या! इतका सवयीचा हात, पण परातीत एक भाकरी धड गोल येईना. नवऱ्यानं ताटातली उचलून विचारलं, "हा कुठल्या तालुक्याचा नकाशा?"

शेवटी पोराला कडेवर घेऊन मी पुन्हा त्याच दारात.

"मास्तर, पोराला तुमच्या आवाजाची सवय झालीय. माझं काही नाही हं. पण त्याच्यासाठी परत या."

"हुकूम, वहिनी."

हसले नाहीत. मिशी तेवढी हलली. त्या संध्याकाळी खालून क्लॅरोनेट चढली आणि पोरगा अंगठा चोखत झोपून गेला.

आता त्या पोराचे केस पिकलेत. सुप्याला कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याचा गवई झाला नाही, पण मोबाईल वाजला की क्लॅरोनेट वाजते. परवा त्याच्या मुलीचं लग्न झालं. सगळे डीजे म्हणत होते, हा अडून बसला, "बँड नसेल तर मी वरातीत येणार नाही."

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. खालच्या खोलीत आता झेरॉक्सचं दुकान आहे. वरातीतला क्लॅरोनेटवाला कोवळा पोरगा होता. वाजवायच्या आधी त्यानं पत्ती ओठांत धरली आणि मी उगाचच थांबले. कुणीतरी "हुकूम" म्हणेल असं वाटलं. मग नाचले. त्याचं उत्तर गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी दिलं.

मास्तरांच्या बायकोला, चाचींना, मी मुद्दाम बोलावलं होतं. वरात संपल्यावर त्यांच्याशेजारी टेकत मी म्हणाले, "पाहिलंत ना चाची? तुमच्या मास्तरांनी माझा पोरगा कायमचा बिघडवला."

चाची तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "मास्तर तर उलटंच सांगायचे. म्हनायचे, पोराला नाद आईचा हाय. तुमी वर भाकरी थापायच्या ना, ती थाप पार ठेक्यात पडायची. ढोलवाला उशिरा आला तर आमचे लोक तुमच्या भाकरीवरच सुरू करायचे. शेडमधे गेले तवा लगेच कट्टाळले मास्तर. म्हनले, हितं वरून भाकरी ऐकू येत न्हाई."